उतारावर दोन्ही पाय वर

खडा तसा लहानच होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा, एका बाजूनं धारदार. बूट उलटा करून झटकला तसा टपकन फरशीवर पडला आणि घरंगळत पलंगाच्या पायाशी जाऊन थांबला. उस्तादनं तो उचलला, अंगठ्याखाली दाबून बघितला. टोचला. म्हणजे हाताला टोचत होता. मग काल दिवसभर... सकाळी बूट चढवल्यापासून संध्याकाळी काढेपर्यंत, विजेच्या मनोऱ्यापर्यंतच्या चढणीवर, खडीतून, हा आपल्या टाचेखालीच होता की काय? की अगदी शेवटी शिरला असेल, कंपनीच्या फाटकापासून घरापर्यंतच्या वाटेत? तसंच असणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि मोजा खाली सारून तळवा बघितला तर टाचेला चांगला खळगा पडला होता, भोवती रक्त वाळून काळं झालेलं.

बायको चहा घेऊन आली तसा त्यानं मोजा वर ओढला. तिला शुगरचं ठाऊक होतं, गोळ्या तीच काढून हातावर ठेवायची. पायाचं ठाऊक नव्हतं. म्हणजे तसं थोडं ठाऊक होतं. थंडीत एकदा ती पाय शेकायला गरम पाण्याची बादली ठेवून गेली, आणि परत येऊन बघते तर पाण्यातून वाफा निघताहेत आणि हा गडी दोन्ही पाय आत सोडून खुशाल पेपर वाचतोय. उजव्या घोट्याखाली हा एवढा फोड. "अहो, तुम्हाला कळलं कसं नाही?" असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं सगळं पेपरातल्या बातमीवर ढकललं. बातमी कसली होती ते मात्र त्याला सांगता आलं नाही. पुढे डॉक्टरनं डोळे मिटायला लावून, आता कुठे टोचतंय सांगा, आता सांगा, असं चालवलं तेव्हा त्यानं शाळेत द्यायचा तशी अंदाजपंचे उत्तरं दिली, आणि ती शाळेतल्याइतकीच चुकली. गाडी चालवता का, असं डॉक्टरनं विचारलं. कधीमधी, असं तो म्हणाला.

कधीमधी! विजेचे मनोरे उभारणाऱ्या त्या कंपनीत उभा जन्म गेला होता त्याचा. जिथे रस्ता संपतो तिथून त्याचं काम सुरू व्हायचं. माणसं, तारा, सिमेंट, काय वाटेल ते घेऊन तो डोंगरावर जायचा आणि सगळं एकसंध परत आणायचा. नवा ड्रायव्हर आला की आधी त्याच्या हवाली. उस्ताद हे नाव त्यातूनच पडलं. पाण्यात गाडी घालण्याआधी उतरून पाणी चालून बघ. वाळू आली की टायरची हवा थोडी सोड. आणि उतारावर लहान गिअर टाक आणि दोन्ही पाय वर घे, अगदी वर, जणू खाली साप आहे. ब्रेक दाबायचा नाही. दाबलास की चाकं जाम होतात आणि गाडी घसरगुंडीवरच्या पोरासारखी सुटते. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, तू फक्त स्टिअरिंग धर. नव्या पोरांची बोबडी वळायची. पायाखाली काही नाही आणि समोर दरी, हे माणसाच्या अंगाला पटतच नाही. ते पटायला वर्ष जातं.

आता मात्र गंमत अशी झाली होती... गंमतच म्हणायची दुसरं काय... की जगाला ज्या उताराची धास्ती, तिथेच तो निवांत असायचा. तिथे पाय लागतच नव्हते. खरी परीक्षा सपाट रस्त्यावर, गावातून जाताना, शाळा सुटायच्या वेळी. पाय पॅडलवर आहे हे डोळ्यांनी बघून घ्यायचं, किती दाबलाय ते इंजिनच्या आवाजावरून ओळखायचं, थांबायच्या खूप आधीपासून थांबायला लागायचं आणि वर हँडब्रेकला हात तयार ठेवायचा. लोक म्हणायचे, उस्ताद हल्ली काय शांत चालवतात. मागे एकदाच गाडी फाटकाशी थांबायची तिथे थांबली नाही, वीतभर पुढे गेली आणि वॉचमनच्या स्टुलाचा पाय मोडला. "उस्ताद, या स्टुलानं काय घोडं मारलं होतं तुमचं?" असं वॉचमन म्हणाला, सगळे हसले, आणि उस्तादही हसला. वॉचमन त्या वेळी पाणी भरायला आत गेला होता. गेला नसता तर... त्या 'तर'च्या पुढे तो कधी गेला नव्हता.

आणि आता मुलगी. सर्वेक्षणाचं शिकून ती याच कंपनीत लागली, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं साहेबाला सांगितलं की डोंगरावर जायचं तर बाबांची गाडी द्या, म्हणजे मी निर्धास्त. साहेबानं हे कौतुकानं त्याला येऊन सांगितलं. उस्ताद त्या रात्री जेवला नाही. पोटात गॅस झालाय, असं बायकोला सांगितलं.

आज ती शेजारी बसली होती, मांडीवर मोजणीच्या यंत्राची पेटी. जाताना सगळं ठीक झालं. वर तिचं काम होईपर्यंत तो गाडीच्या सावलीत बसून राहिला, आणि परत निघाले तेव्हा ऊन अजून चांगलं होतं. उताराच्या तोंडाशी त्यानं गाडी उभी करून लहान गिअर टाकला आणि पाय वर घेतले. तिनंही घेतले... लहानपणी त्याच्या मांडीवर बसून घ्यायची तसे, गुडघे थेट पेटीला टेकवून. "चिमे, तू कशाला घेतेस? तुझ्याकडे ब्रेक आहे कुठे?" असं तो म्हणाला, ती हसली, आणि त्याला वाटलं की हे असंच चालू राहिलं, उतार संपलाच नाही, तर किती बरं होईल.

मागचं डावं चाक कातळाच्या धारेवर कापलं गेलं ते त्याला कमरेला कळलं. गाडी एका अंगाला बसली. त्यानं तिथेच थांबवली नाही. फाटक्या चाकावरच रखडत, टायर गेला तर जाऊ दे, पण थोड्या सपाट जागेपर्यंत नेली. मग गिअरमध्येच ठेवून इंजिन बंद, हँडब्रेक, पुढच्या चाकांना खालच्या अंगानं मोठे दगड. मुलीला त्यानं वरच्या बांधावर उभं केलं, गाडीच्या खालच्या अंगाला अजिबात फिरकायचं नाही असं बजावून, आणि मागच्या वळणावर झुडपाची एक फांदी मोडून आडवी टाकायला लावली, वरून कुणी येत असेल तर सावध होईल. जॅकखाली फळी. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, स्टेपनी काढून आधी गाडीच्या पोटाखाली सरकवली. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर बसेल, माणसावर नाही. हात आपोआप चालत होते. हात अजून उस्तादचे होते.

चाक बदललं. गुडघा दुमडत नव्हता म्हणून तो उजवा पाय लांब करून खाली बसला आणि जॅक उतरवायला लागला. गाडी हळूहळू खाली आली, टायरनं जमीन धरली, थोडा फुगला. झालं. तो हात टेकून उठायला गेला, आणि अंग उठलं पण पाय काही आला नाही. झाडाचं मूळबीळ अडकलं असेल, असं त्याला वाटलं. त्यानं ओढून बघितला. मग मान वर केली तर बांधावर मुलगी उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्याच्या पायाकडे बघत होती.

"बाबा... पाय."

टायरचा फुगवटा बुटाच्या बाहेरच्या कडेवर बसला होता. अख्ख्या गाडीचं वजन, आणि त्याखाली बूट, आणि बुटात... त्यानं ते बघितलं. नीट बघितलं. आणि मग तो ओरडला. आई गं, असं ओरडला.

उशीर झाला होता. किती, ते सांगता आलं नसतं. एखादा श्वास, दोन श्वास. पण ते ओरडणं बघण्यानंतर आलं होतं, आणि कुठलंच ओरडणं तसं येत नाही, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. तिला आलं का? ती धावत खाली आली, जॅकचा दांडा तिनं फिरवला, बरोबर फिरवला, चाक उचललं, त्याला काखेत धरून मागे ओढलं. बूट काढला. मोजा रक्तानं भिजला होता आणि करंगळी भलत्याच दिशेला वळलेली होती. तो त्या करंगळीकडे बघत राहिला. कुणाची तरी करंगळी. अरे, माझीच आहे ही, मी हिच्यासाठी तोंड वाकडं करायला हवं... आणि त्यानं केलं. दुखतं म्हणजे काय होतं, हे तो आठवायला लागला. दाढ काढली होती तेव्हाचं, बोट दारात सापडलं होतं तेव्हाचं. दात आवळायचे. श्वास तोंडानं घ्यायचा. आपण पोरीसमोर नाटक करतोय, याची त्याला लाज वाटली, पण थांबताही येईना.

औषधांच्या पेटीतून तिनं कापूस काढला, पट्टी बांधली. जोरात आवळली. त्या वेळी कण्हायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं, पायाकडे नाही, तोंडाकडे.

"खूप दुखतंय?"

"हो."

"मग मी चालवते."

दुखत नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागणार, आणि दुखतंय म्हटलं तर पाय ब्रेकवर कसा ठेवणार? दोन्हीकडून ती जागा हातची जात होती. दुखावं असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं. ओरडता यावं, वेळेवर.

तिनं गाडी रस्त्यावर चालवली होती, शिकवलंही त्यानंच होतं, पण उतारावर कधीच नाही. तिनं आरसा सारखा केला. सीट पुढे घ्यायला गेली तर ती आधीच पुढे सरकवलेली होती. इतकी पुढे का, असं तिनं विचारलं नाही. "पाय वर घे, दोन्ही. भीती वाटेल, वाटू दे, खाली ठेवू नकोस," असं तो म्हणाला, आणि तिनं घेतले. गाडी इंजिनच्या दमानं एकेक दगड उतरत चालली. तिच्या कपाळावर घाम आला होता. त्याचा स्वतःचा पाय समोरच्या पत्र्यावर, जिथे ब्रेक नव्हता तिथे, जोर देत असणार. बाजूला बसलेल्या ड्रायव्हरचा देतोच. देत होता की नाही हे बघितल्याशिवाय कळलं नसतं. त्यानं बघितलं नाही.

म्हणजे इतके महिने आपण असेच बसलो होतो तर, त्याला वाटलं. स्टिअरिंग हातात घेऊन बाजूच्या माणसासारखे. मागे माणसं भरलेली, समोर पोरं शाळेतून सुटलेली, आणि गाडी आपली नशिबानं चाललेली. वॉचमन पाणी भरायला गेला नसता तर... आणि या वेळी तो 'तर'च्या पुढे गेला. त्याला सगळं दिसलं. स्टूल दिसलं आणि स्टुलावर बसलेला वॉचमन दिसला, पाठमोरा, विडी ओढत.

उतार संपला. पुढे डांबरी रस्ता, त्याच्या पलीकडे गावाची पहिली घरं, सायकलवरून जाणारा कुणीतरी. तिनं ब्रेक दाबून गाडी थांबवली. मऊ थांबवली, पाणी भरलेला पेला डुचमळला नसता. मग स्टिअरिंगवरचे हात न काढता, समोर बघतच ती म्हणाली,

"आता सपाटी आहे. इथून तुम्ही घेता?"

आवाजात काहीच नव्हतं. ना टोमणा, ना काळजी. तिला कळलंय म्हणून ती विचारतेय, की कळलेलं नाही म्हणून? त्यानं तिच्या गालाकडे बघितलं, लहानपणी खोटं बोलताना जो गाल आतून चावायची त्याच्याकडे, पण तिथे नुसती धूळ होती. दाराच्या कडीवर त्याचा हात गेलेला होता. कुणीतरी बघावं, इतके दिवस त्याला वाटत होतं, हे त्याला आत्ता कळलं. आपण सांगू नये आणि कुणीतरी नुसतं बघावं. आणि आता बघणारं माणूस शेजारी बसलं होतं, तर त्याला तिची भीती वाटत होती. कडी उन्हानं तापली होती. हाताला सगळं कळत होतं. तिनं पुन्हा विचारू नये असं त्याला वाटत होतं, आणि ती पुन्हा विचारीपर्यंत आपल्या तोंडून काहीच निघणार नाही हेही त्याला ठाऊक होतं, आणि गाडी चालू होती.