गेटपुरता पट्टा

मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हणजे भंगार नव्हे, नीट ऐका. मुंबईच्या उपनगरात खाडीकाठी एक लष्करी छावणी आहे. तिथल्या मैदानावर मी जवानांना गाडी सांभाळून चालवायला शिकवते. उस्ताद शरच्चंद्र शिकवतात, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. पडताना खाली मी असते!

नवी आले तेव्हा माझ्या चकचकीत टाकीत बघून जवान भांग पाडायचे. आता टाकीला पोचे आहेत आणि एकेका पोच्यामागे एकेक शहाणा आहे. म्हणून मी कुणावर विश्वास ठेवत नाही.

मित्रांनो, सीमेवर न डगमगणारा गडी सुट्टीत दुचाकीवरून पडतो. म्हणून इथली परीक्षा पास झाल्याशिवाय स्वतःची गाडी गेटबाहेर नेता येत नाही.

मनोरीच्या कोळ्यांचा कृणाल शिकायला आला. बहिणीच्या, निशाच्या हळदीला त्याला नव्या गाडीवर बसून गावात शिरायचं होतं. वळणं झकास, बोलणं त्याहून गोड. मला तिथेच शंका आली. इतका गोड माणूस काहीतरी लपवतोच.

मी कान देऊन होते. हेल्मेटचा पट्टा लागल्याचा आवाज काही आला नाही. पठ्ठ्याने तो हनुवटीखाली नुसता खोचला होता! गेटवर चेहरा दाखवायला हेल्मेट काढावं लागतं, मग पुन्हा कोण बांधत बसणार? ही पोरांची नेहमीची खोड. लांबून उस्तादांना तो बांधलेलाच दिसला. मी सांगणार कशी? माझा हॉर्नसुद्धा दुसऱ्याने दाबावा लागतो.

परीक्षेच्या शेवटी वाळूवर ब्रेक लावायचा होता. याने पुढचा ब्रेक करकचून दाबला. मी आडवी झाले, तो गवताच्या भाऱ्यांवर पडला आणि हेल्मेट एकटंच गडगडत उस्तादांच्या बुटांपाशी गेलं.

"हे पोचलं," उस्ताद म्हणाले. "डोकं कधी पाठवतोस?"

"नुसतं खरचटलंय, उस्ताद. उद्या हळद आहे, पास करा ना!"

"नाही."

"गावभर सांगितलंय, गाडीवर येतो म्हणून. माझी वाट लागेल."

"मग आता सांग, बसने येतो म्हणून. बसमध्ये पट्टा बांधावा लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये आला. त्याची नवी गाडी माझ्या शेजारीच उभी होती. सीटवर हात ठेवून तो बराच वेळ थांबला. नेतो आता मेला चोरून, माझी खात्रीच झाली. पण त्याने पिशवी खांद्याला लावली आणि चालत गेला. तरी मी गेटवरची नजर काढली नाही.

दुपारी उस्ताद माझी चेन बघत होते, तेव्हा त्यांचा फोन वाजला. कृणालची आई, कृष्णाबाई. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"उस्ताद तुमीच काय? माजा पोर बसमदून आला, नाक फुगवून आला. सगल्यांनी चिडवला त्याला!"

उस्तादांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

"पन आला," ती म्हणाली. "जेवाला बसलाय." आणि तिने फोन ठेवला.

मित्रांनो, माझी टाकी पुसली नाहीत तरी चालेल. पट्टा मात्र बांधा, आणि बांधला म्हणून सांगू नका, ओढून दाखवा. घरी तुमचं पान मांडलेलं असतं. त्यावर तुम्हीच येऊन बसा.