मनोऱ्यावरून दिसलेला दिवा

त्या दिवशी पूर्णिमाने तुळशीपुढचा दिवा उन्हातच लावला.

लग्न होऊन राजारामपुरीतल्या या घरात आल्यापासून तिची तिन्हीसांज कधी चुकली नव्हती. दिवस टेकला की हातपाय धुवायचे, गच्चीवर जायचं, तुळशीला दिवा लावायचा, पाच प्रदक्षिणा घालायच्या आणि मग घरात काय ते बोलायचं. या नेमापायी तिनं लग्नामुंजींना मुक्कामाला जाणंही सोडलं होतं. पण चंदगडहून नणंद आली होती, वर्षाराणी, आणि तिला नवा मनोरा बघायचा होता. ताराबाई पार्काच्या पलीकडे उभी राहिलेली ती उंच इमारत, सगळ्यात वर काचेचा सज्जा, तिथून म्हणे अख्खं कोल्हापूर ताटात वाढल्यासारखं दिसतं. उदयसिंहनं बहिणीसाठी नेमकी मावळतीच्या वेळेची तिकिटं काढून आणली.

"दिव्याचं कसं करायचं?" पूर्णिमानं हळूच विचारलं.

"वयनी, देव काय घड्याळ लावून बसलाय व्हय?" वर्षाराणी म्हणाली. "जरा अगोदर लावा. त्याला बी बरंच की."

पूर्णिमा हसली, पण तिला ते बरं वाटलं नाही. दिवा होता पितळी, भोवती काच, वर धरायला कडी. वाऱ्यातही तगायचा. तिनं त्यात जास्तीचं तेल घातलं, म्हणजे निदान खऱ्या तिन्हीसांजेला तो जळत असेल.

खालच्या खोलीत आक्का, म्हणजे सासूबाई, कॉटवर पाय सोडून बसल्या होत्या. वर्षभरापासून त्यांची आठवण विरत चालली होती. दिवस कलला की त्यांना कुठंतरी जायचं असायचं. मागच्या महिन्यात स्टॉपवर सापडल्या, कागलच्या गाडीची वाट बघत, माहेरी निघालेल्या. माहेरात आता कोणी उरलं नव्हतं. तेव्हापासून त्यांना एकटं ठेवत नसत. पण आज जायचं नि यायचं. उदयसिंहनं त्यांना झोपेची गोळी दिली आणि बाहेरून कुलूप घालायचं ठरलं.

"कुठं निघालाय समदी?" आक्कांनी विचारलं.

"मनोऱ्यावर, आक्का. लगेच येतो आम्ही."

"तिथनं आपलं घर दिसंल?"

"दिसेल की," पूर्णिमा त्यांच्या पायांवर पांघरूण घालत म्हणाली. "तुळशीला दिवा लावलाय न्हवं? त्यावरून ओळखू आम्ही."

आक्कांनी मान हलवली. बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं असं क्वचितच व्हायचं. आज पोचलं.

लिफ्ट सुरू झाली तशी पूर्णिमाच्या कानांत दडे बसले. वर्षाराणी आरशात केस नीट करत होती. पूर्णिमाला वाटलं, आपण काहीतरी विसरलोय. गॅस? बंद केला होता. कुलूप? उदयसिंहनं दोनदा ओढून बघितलं होतं. मग तिला तिचे दोन्ही हात आठवले. गच्चीवरून उतरताना एका हातात पूजेचं ताट होतं, दुसऱ्यात तेलाची बुधली. खालून गाडीचा हॉर्न वाजत होता. जिन्याचं दार तिनं कोपरानं ओढलं होतं.

कोपरानं कडी लागत नाही.

गच्चीच्या रस्त्याकडच्या बाजूला कठडा नव्हता. वरचा मजला चढवायचा म्हणून दिवाळीआधी तो पाडला होता आणि गवंडी गेला तो गेलाच. उघड्या गजांना नुसती एक दोरी बांधलेली होती. म्हणून तर आक्कांचा हात पोचणार नाही एवढ्या उंचावरची ती कडी रोज दोनदा तपासली जायची.

लिफ्टचं दार उघडलं आणि समोर आभाळच आलं. चारी बाजूंनी काच, काचेला चिकटलेली माणसं, फोटो, मक्याच्या लाह्यांचा वास. वर्षाराणीनं "आगं बाई" म्हणत भावाचा दंड धरला. रंकाळा तलाव तांब्याच्या पराती­सारखा चमकत होता. जोतिबाचा डोंगर निळा पडला होता. लांब साखर कारखान्याचा धूर आडवा पसरलेला, हलायचं नाव नाही. आणि खाली, कौलांच्या आणि पत्र्यांच्या गर्दीत, अंबाबाईचं शिखर.

पूर्णिमानं सवयीनं हात जोडले आणि तसेच सोडले. देवीच्या शिखराकडे ती जन्मभर मान वर करूनच बघत आली होती. इथून खाली वाकून नमस्कार करायचा म्हणजे तिला आपण आईच्या डोक्यावर पाय देऊन उभ्या आहोत असं वाटलं.

"आक्का झोपल्या असतील न्हवं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"झोपली असंल की. गोळी दिलीया. आता पडली तरी उठायची न्हाय."

"दादा, दिवेलागणीला काय बोलायलास?" वर्षाराणीनं त्याला चापट मारली. तो हसला.

 पूर्णिमाला तिच्या आईनं लहानपणी शिकवलेलं होतं: तिन्हीसांजेला वाकडं बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत हिंडत असतो. ही गोष्ट ती कधी कुणाशी वाद घालून सांगायची नाही, पण पाळायची. कडी लावली नाही, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्याच्यापुढचं वाक्य काय असणार हेही तिला माहीत होतं. ते तोंडातून बाहेर पडलं तर कुणीतरी तथास्तु म्हणेल. तिनं मनात अंबाबाईचं नाव घेतलं आणि ओठ मिटले.

काचेजवळ एक दुर्बीण होती. टोकन टाकलं की थोडा वेळ उघडायची, मग आत पडदा पडून काळोख व्हायचा. वर्षाराणीनं मूठभर टोकनं घेतली होती.

"या, वयनी. तुमची तुळस बघा आधी, म्हंजी जिवाला शांती."

पूर्णिमानं डोळा लावला. आधी नुसते पत्रे आणि टाक्या पळाल्या. मग राजारामपुरीच्या सरळ आखलेल्या गल्ल्या लागल्या. त्यांच्या गच्चीवरची टाकी उदयसिंहनं पिवळ्या रंगानं रंगवली होती, ती सापडली. टाकीशेजारी वृंदावन. आणि वृंदावनात एक बारीक पिवळा ठिपका.

दिवा होता. जिथं ठेवला तिथंच होता.  उगीच वाईट मनात आणलं, असं ती स्वतःला म्हणाली.

तेवढ्यात दिवा उचलला गेला.

तिला आधी वाटलं, दुर्बीणच हलली. तिनं दांडा घट्ट धरला. टाकी जागच्या जागी होती, वृंदावन जागच्या जागी होतं, दिवा तेवढा हलत होता. कमरेएवढ्या उंचीवरून, सावकाश, जत्रेत वाट दाखवणाऱ्या माणसाच्या हातात असावा तसा तो गच्चीच्या मधोमध आला. मागं एक पांढुरकं काहीतरी होतं. आक्कांचं लुगडं. गोळी लागू पडली नव्हती.

पडदा पडला.

"वन्सं, टोकन," ती म्हणाली. तिनं डोळा न काढता हात मागं पसरला.

"अवो ताई, नंबर लावा की," मागून एक गृहस्थ म्हणाले. "आमी काय शेंगा फोडायला हुबं हाय?"

"एकदाच, भाऊ. आमची आई दिसतीय," पूर्णिमा म्हणाली. गृहस्थ काय समजायचं ते समजले आणि सरकले.

दुसरं टोकन पडलं. टाकी, वृंदावन, रिकामं. मग रस्त्याकडची बाजू. दिवा तिथं होता, गजांच्या जवळ, आणि आता तो वर धरलेला होता, डोक्याच्याही वर. कुणीतरी लांबच्या माणसाला घर दाखवत होतं. दिवा डावीकडून उजवीकडे गेला, परत डावीकडे आला. आणि एक पाऊल पुढं.

पूर्णिमानं दुर्बीण सोडली आणि काचेशी जाऊन हात हलवला. मागं सरा, आक्का, मागं. तळवा बाहेर, पुन्हा पुन्हा, एवढ्या लांबून कुणाला दिसणार आहे याचं भानही तिला राहिलं नाही. तिच्या शेजारी दोन पोरी सूर्याला टाटा करत होत्या. त्यांना वाटलं, ही पण तेच करतेय.

मग तिनं तोंड उघडलं. तथास्तु तर तथास्तु.

"अहो, आक्का गच्चीवर आहेत. गजांपाशी. कडी मी लावली नाही."

उदयसिंहनं तिच्याकडे बघितलं, दुर्बिणीकडे बघितलं आणि काही न विचारता शेजारच्या अक्षताला फोन लावला. अक्षता दवाखान्यात नर्स होती, नुकतीच ड्यूटीवरून आलेली. दोन्ही घरांच्या गच्च्यांत फक्त गुडघ्याएवढी भिंत होती.

"अक्षता, पळ. आई गच्चीवर हाय. वरडू नको, दचकंल."

अक्षतानं फोन हातात तसाच चालू ठेवला असावा. तिघं त्या फोनभोवती उभे राहिले. जिन्यावरची पावलं ऐकू आली. दाराचा आवाज. मग अक्षताचा आवाज, मुद्दाम सावकाश केलेला. "आक्का, अवो आक्का. हिकडं बघा की. दिवा द्या माज्याकडं."

सज्ज्यावरची सगळी माणसं एकदम टाळ्या वाजवायला लागली. सूर्य डोंगराआड गेला होता.

टाळ्यांतून फोनमध्ये काच फुटल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ काहीच आलं नाही. वर्षाराणीनं पदर तोंडात कोंबला. उदयसिंह नुसतंच "हॅलो, हॅलो" करत होता.

"धरलंय," अक्षता धापा टाकत म्हणाली. "दिवा खाली रस्त्यावर गेला. ह्यास्नी धरलंय. लुगडं फाटलं, पर धरलंय. या तुमी."

घरी आले तेव्हा आक्का अक्षताच्या घरात खुर्चीवर बसून बशीनं चहा पीत होत्या. अक्षताच्या दोन्ही कोपरांना खरचटलं होतं. उदयसिंह आईच्या पायांशी खाली बसला. वर्षाराणीनं विचारलं.

"आक्का, कशाला गेलतीस गं काठावर?"

"घर दिसायला पायजे की तुमास्नी," आक्का म्हणाल्या. "दिवा हिनंच लावलाय न्हवं. म्हटलं वर धरावा."

"मग अक्षता हाक मारत असताना बी पुढं कशाला गेलीस?"

आक्कांनी बशी खाली ठेवली. पूर्णिमाकडे बघून त्या हसल्या, तिच्यावर खूष असल्यासारख्या.

"हिनं हात केला की. वरनं. ये, ये म्हणली. म्हटलं आले."

वर्षाराणी आणि उदयसिंह एकमेकांकडे बघून रडवेलं हसले. म्हातारीचं डोकं, दुसरं काय. पूर्णिमा हसली नाही. काचेजवळ तिनं हात हलवला, हे त्या दोघांनी बघितलं नव्हतं. त्या दोन पोरींखेरीज कुणीच बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं हट्ट धरून तुळस खाली अंगणात आणवली. गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पदराला बांधली. अंगणाच्या तिन्ही बाजूंना घरं होती. तिथून आभाळाचा एक तुकडा दिसायचा, मनोरा दिसायचा नाही. हे तिनं सकाळीच चारही कोपऱ्यांत उभं राहून बघून घेतलं होतं.

संध्याकाळी, नेमक्या वेळेला, ती मातीची पणती घेऊन आली. आक्का पायरीवर बसल्या होत्या, शांत, मांडीवर हात ठेवून. वारा होता. पूर्णिमानं वात पेटवली आणि ज्योत विझू नये म्हणून दोन्ही हातांचा आडोसा केला.

मागं बांगड्या वाजल्या. आक्का उठल्या होत्या. आभाळाच्या त्या तुकड्याकडे बघत त्यांनी हात वर केला.

"आले गं, आले," त्या लाडानं म्हणाल्या. "कालपास्नं हात करायलीस. दम धर की जरा."

पूर्णिमाचे दोन्ही हात ज्योतीभोवती होते. तिला "नाही" म्हणायचं होतं, पण तिन्हीसांज झाली होती, आणि आक्कांचं "आले" आधीच बोलून झालं होतं.