मुशीच्या डोक्यातील वायरिंग

सुज्ञ वाचकहो, मुशी आणि पाकट या मत्स्यांच्या नेत्रांपासून मेंदूपर्यंत दृष्टी कोणत्या मार्गाने प्रवास करते, आणि त्या मार्गात एक वायरमन कसा आडवा आला, याचे यथामती निवेदन आता करण्यात येत आहे. यथामती म्हणजे फार नव्हे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

सदर वायरमनास घरीदारी सगळे ‘फेज’ म्हणत. मत्स्यसंग्रहालयात तो हंगामी होता. प्रदर्शनासाठी केलेली दिव्यांची मुशी नीट पेटली तर कायम करू, असा शब्द संग्रहालयाच्या बाईंनी दिला होता, आणि बायकोने तो माहेरी पोचवूनही टाकला होता. म्हणजे परतीचे दोर कापलेले.

मुशीचे प्लास्टरचे डोके कपाटाएवढे, वर काच. डोळ्यांशी बटणे, मेंदूत दिवे, मध्ये जाड रंगीत वायरी. आराखडा उघडताच फेजच्या कपाळाला आठी पडली. डाव्या डोळ्याची वायर मेंदूच्या उजव्या बाजूला, उजव्याची डाव्या बाजूला. मधोमध चक्क फुली.

“हे झोपेत काढलंय कुणीतरी,” तो पुटपुटला. ज्याने उभ्या हयातीत वायरीवर वायर चढू दिली नाही, त्याने मुशीलाही सरळ मार्गास लावले.

उद्घाटनाच्या सकाळी बाईंनी डावे बटण दाबले. डावा दिवा लागला. फेज शाबासकीच्या तयारीत उभा राहिला.

“आराखडा पाहिला होतात ना?”

“पाहिला, बाई. चुकला होता. दुरुस्त केला.”

“मुशी दुरुस्त केलीत?” बाई खाली बसल्या. “अहो, तिच्या डाव्या डोळ्याची नस मेंदूच्या उजव्या बाजूलाच जाते. पाकटाचंही तसंच. दुपारी पाहुणे येतायत.”

“म्हणजे मी देवाचं लायसन तपासायला निघालो होतो,” फेज म्हणाला आणि काच उतरवू लागला.

डबा घेऊन आलेल्या बायकोने सारे ऐकले. “घरात कधी सरळ वागला नाहीत, आणि मुशीला सरळ करायला गेलात?”

“पक्कड इथे दे. टोमणे घरी दे.”

दुपारी फुली जागेवर होती. पहिलाच पाहुणा काचेवर वाकून म्हणाला, “वायरी उलट्या जोडल्यात की.” दुसरा तेच म्हणाला. तिसऱ्याने तर मान हलवून कीव केली. फेज प्रत्येकाला सांगे, “नाही साहेब. सकाळपर्यंत मीही एवढाच हुशार होतो.” मग दोन्ही हातांची फुली करून नसांची वाट समजावी.

बाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, “इथे प्रत्येक जण अडखळणार. सगळ्यात जोरात तुम्ही अडखळलात, तेव्हा समजवायलाही तुम्हीच उभे राहा. कायमचे.”

“वायरमन म्हणून?”

“नाही. वायरिंगसाठी आराखडा मानणारा दुसरा कुणी बघू.”

बाहेर बायकोने विचारले, “आता माहेरी काय सांगू?”

“सांग, जावई डोक्याचं काम करतो,” फेज म्हणाला. “मुशीच्या.”

निवेदन समाप्त. शब्दांची जोडणी कुठे उलटी पडली असल्यास वाचकांनी ती मुशीप्रमाणेच समजून घ्यावी. धीराने वाचल्याबद्दल आभारी आहे.

आपला नम्र,
फेजचा साडू ‘पंडित’
(हे टोपणनाव आहे, पदवी नव्हे.)