अंबाजोगाईची जागा

जूचंद्रच्या बळीराम पाटलांच्या रीमानं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत स्वतःचाच घात करून घेतला, तोही शेवटच्या दहा मिनिटांत. फिजिक्सची तीन उत्तरं तिनं खोडून बदलली आणि तिन्ही आधीचीच बरोबर निघाली. एम.बी.बी.एस. दोन मार्कांनी हुकलं. प्रल्हादकाका तर सल्ला द्यायला टपलेलेच होते. "बी.एस्सी.ला घाल आनि पोरगा बघायला लाग," ते म्हणाले. बळीरामनी भावाला एवढंच सांगितलं, "एक वरीस देतो तिला. नाय जमलं तर तू म्हनशील तसं."

रीमा रडली-बिडली नाही. तिला स्वतःचाच इतका राग आला होता की रडायला सवड कुठली! नायगावच्या व्हॅलेरियन सरांकडे जाऊन ती रोज एक पेपर सोडवू लागली. सरांनीही अजब शिक्षा लावली. पेपर हातात दिला की खोडरबर स्वतःच्या खिशात! सुरुवातीला तिचे हात नुसते शिवशिवायचे. परीक्षा येईपर्यंत तिला रबराची आठवणही होईना.

दोन हजार एकच्या पावसाळ्यात मुंबईहून प्रवेशाचं बोलावणं आलं. बाप, काका आणि ती, तिघं गेले. गुणवत्ता यादीच्या क्रमानं एकेकाला टेबलाशी बोलावत आणि फळ्यावरची एकेक जागा पुसत. मुंबई संपली, पुणं संपलं, नाशकाकडचंही संपलं. रीमाचं नाव पुकारलं तेव्हा दोनच गोष्टी हाताशी होत्या, मुंबईत दातांची डॉक्टरकी किंवा अंबाजोगाईला एम.बी.बी.एस.

"दातांचं घे गो, घराजवल हाय," काका कुजबुजले.

"बाई, लवकर सांगा," टेबलामागचे साहेब म्हणाले. "सही झाली की बदल नाही."

"अंबाजोगाई," रीमानं सांगितलं आणि सही ठोकून मोकळी झाली.

बाहेर व्हरांड्यात काका तणतणले, "एवढ्या लांब? कोन हाय आपलं तिकडं?"

बळीरामना भलतीच काळजी. "तिकडं भाकरीच खातात ना गो?"

"हो बाबा, ज्वारीची."

"मंग भात?"

"मिळेल की विकत."

"माझी पोर इकतचा भात खानार?" बळीराम भडकले. "पोतं आनून टाकीन मी. पाच वर्सं आनीन!" एवढं बोलून ते भर व्हरांड्यात ढसाढसा रडले. वर्षभर भावकीची बोलणी त्यांनीच गिळली होती आणि आज त्यांच्या आनंदाला पारावार नव्हता.

मग समोरच्या पीसीओवरून त्यांनी गावातल्या सोनू वाण्याच्या दुकानात फोन लावला. "सोनू, घरी सांग, आपली रीमा डॉक्टर व्हायला चालली!" त्यांचा आवाज असा की फोन नसता तरी जूचंद्रला ऐकू गेला असता. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. एरवी चारचौघांत बाबांचा आवाज चढला की रीमा त्यांना गप्प करी. आज ती म्हणाली, "बाबा, अजून एकदा सांगा."