आईच्या गाडीचं इंजिन

इंजिन फुटलं तेव्हा म्हातारी घाटाच्या मध्यावर होती. गाडी किती वेगात होती ते तिनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आतला कनेक्टिंग रॉड तुटला, ब्लॉकच्या बिडाच्या भिंतीला भगदाड पाडून बाहेर आला आणि रस्त्यावर तेलाची रांगोळी झाली. ती उतरली, खाली वाकून पाहिलं, एक सणसणीत शिवी हासडली, आणि टोचन लावून गाडी आणवली ती थेट लेकीच्या गॅरेजच्या दारात.

नवल होतं ते याच गोष्टीचं. मायलेकींचं कधी पटलं नव्हतं. आई तरुणपणी घाटातल्या शर्यती गाजवलेली बाई. तिच्या जिभेला अशी धार, की नवरा हयात असताना घरात कमी आणि बाहेर जास्त असायचा. लेक मोठी होऊन मेकॅनिक झाली, तिनं स्वतःचं गॅरेज काढलं, लांबलांबून लोक तिच्याकडे गाड्या आणायला लागले. पण आईची ती दोन सीटांची, बुटकी, उघड्या टपाची गाडी साध्या तेलपाण्यालाही दुसरीकडे जायची.

"दादाकडे का नाही नेलीस?" लेकीनं हात पुसत विचारलं.

"घाटातूनच फोन केला होता. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, असलाच ब्लॉक परदेशात कुठंतरी पडलेला असेल. शोधू. दोन वर्षं लागतील, चार लागतील. मी म्हटलं, तोवर मी कुठं पडलेली असेन तेही शोधून ठेव."

थोरला व्यवसायानं दातांचा डॉक्टर. पण त्याचा जीव जुन्या गाड्यांच्या क्लबात. तिथला तो सेक्रेटरी. कुणाच्या गाडीला चुकीचा स्क्रू दिसला तरी त्याच्या कपाळावर आठी चढायची. आईची गाडी म्हणजे क्लबची शान. तिला तो वारसा म्हणायचा. आई तिला गाडी म्हणायची.

"मग माझ्याकडून काय हवंय?"

"नवं इंजिन घाल. आजकालचं. किल्ली फिरवली की चालू होणारं."

"आतापर्यंत मला या गाडीचं बॉनेटही उघडू दिलं नाहीस तू."

"आता देतेय ना? की हात जोडू?"

लेकीनं आईकडे पाहिलं. मग गाडीकडे. नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण हे काम आपल्याला येतं आणि गावात दुसऱ्या कुणाला येत नाही, हेही तिला ठाऊक होतं. "करते," ती म्हणाली. "पण काम चालू असताना गॅरेजमध्ये पाय ठेवायचा नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर म्हातारी स्टूल घेऊन बाहेर हजर.

मागून ठोकर बसून भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीचं इंजिन लेकीनं मिळवलं. सगळं अॅल्युमिनियमचं, जुन्या बिडाच्या धोंड्याच्या निम्म्या वजनाचं. पण नवं इंजिन जुन्या गाडीत बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा बूट पायात घालणं. नव्या इंजिनाची भोकं जुन्या गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळेनात, म्हणून मध्ये घालायला लेथवाल्याकडून जाड प्लेट करून घेतली. इंजिनाखालची तेलाची टाकी स्टिअरिंगच्या आडव्या दांडीवर टेकायला लागली, तेव्हा ती कापून, उथळ करून पुन्हा वेल्ड केली. इंजिन आत सोडायचं, कुठं अडतंय ते बघायचं, पुन्हा चेनवर वर काढायचं. दिवसच्या दिवस हेच.

आणि स्टुलावरून तोंडाचा पट्टा चालू.

"डावीकडे झुकलंय."

"झुकलेलं नाही. गाडी झुकलेली आहे."

"माझी गाडी कधी झुकत नव्हती."

"तूही नव्हतीस."

एकदा लेकीनं पाना इतक्या जोरात आपटला की शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला. आई जागची हलली नाही. "तुझा बापही असाच भांडी आपटायचा," ती म्हणाली. "बोलायची हिंमत नसली की."

थोरला आला तेव्हा इंजिन जागेवर बसलं होतं आणि लेक वायरींच्या जंजाळात कंबरेपर्यंत बुडालेली होती. नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर जुन्या मालकाची किल्ली मागत होता. ती मिळेपर्यंत इंजिनाला ठिणगी देणार नव्हता. भाऊ गाडीभोवती एक फेरी मारून आला. 

"हे तू काय करून ठेवलंस?"

"काही कापलेलं नाही, दादा. चॅसीच्या सांगाड्याला एक भोक पाडलेलं नाही. सगळं बोल्टवर आहे. उद्या तुझा ब्लॉक मिळाला तर हे काढून जुनं घालता येईल."

"आणि हे?" त्यानं बॉनेट खाली आणून पाहिलं. नव्या इंजिनाचा वरचा भाग बोटभर उंच होता. बॉनेट त्यावर टेकून तिरकं राहिलं. ते हातानं ठोकून घडवलेलं अॅल्युमिनियम होतं, कुठं जोड नाही की सुरकुती नाही.

"त्याला तिथं खिडकी पाडून वर उंचवटा द्यावा लागेल."

"हात लावून बघ त्याला."

"धमकी देतोस?" आई स्टुलावरून म्हणाली. "लोकांच्या तोंडात नवे दात ठोकताना तुझा हात थरथरत नाही. माझा गुडघा बदलला तेव्हा तू अस्सल गुडघा शोधत बसला नाहीस. मग इथंच काय दुखतंय तुला?"

"ते वेगळं आहे."

"वेगळं ते कसं?"

मग तो बहिणीवर घसरला. "तुला हेच हवं होतं. लहानपणापासून तुझा डोळा होता या गाडीवर. मिळाली नाही, तर आता तिचा सत्यानाश कर."

लेक वायरींतून बाहेर आली. तिनं दार दाखवलं, नुसतं बोटानं.

तरी तिनं आईला सुचवून पाहिलं: हे बॉनेट दादाला देऊन टाकू, मी फायबरचं दुसरं करते, उंचवट्यासकट. कुणाचं काही जाणार नाही. आई म्हणाली, "गाडी माझी, बॉनेट माझं. त्याला ते हवं असेल तर मागून घे म्हणावं. हात लावून बघ म्हणतो!" तिच्या डोक्यात एकदा राख गेली की ती विझायची नाही.

त्या आठवड्यात लेक एक दिवस सुट्या भागांसाठी बाहेर गेली होती, त्यामुळं आईही घरीच होती. परत आली तर गाडीवर बॉनेट नव्हतं. पंक्चरवाला म्हणाला, "तुमचे बंधू घेऊन गेले. तुम्हाला माहीत आहे म्हणाले."

लेकीनं घरी जाऊन सांगितलं. आईनं पायात बूट चढवले आणि लेकीच्या व्हॅनमध्ये जाऊन बसली. लेकीनं हो-नाही केलं, पण व्हॅन चालवली तिनंच.

थोरल्याचं घर आणि दवाखाना एकच. खुर्चीत एक पेशंट तोंड वासून पडला होता. आई त्याच्याकडे न बघता पडदा सारून मागच्या खोलीत गेली. बॉनेट पलंगावर होतं, घोंगडीत गुंडाळलेलं, एखादं आजारी माणूस झोपवावं तसं. आणि कोपऱ्यात, पुसून लख्ख केलेलं, ते फुटलेलं इंजिन, भंगारात जाऊ नये म्हणून त्यानं आधीच मागवून घेतलेलं. भगदाडाची बाजू भिंतीकडे वळवलेली.

थोरला हातमोज्यांसकट मागोमाग आला. "आई, पेशंट आहे बाहेर."

"असू दे. त्याला तोंड मिटायला सांग. चोरीचा माल न्यायला आलेय."

"चोरी? मी वाचवलंय ते! तुम्हा दोघींपासून!"

"माझ्या गाडीला माझ्यापासून वाचवणारा तू कोण?"

तेव्हा त्याचा बांध फुटला. केस पिकलेला माणूस, हातात रबरी मोजे, आणि लहान मुलासारखा बोलत सुटला. "शर्यतीच्या दिवशी तू मला घाटाच्या माथ्यावर उभं करून जायचीस. आठवतंय का तुला? एकट्याला. धुक्यात काही दिसायचं नाही. खालून फक्त आवाज यायचा. इतक्या गाड्यांत मी तुझ्या गाडीचा ओळखायचो. आवाज येतोय तोवर तू जिवंत आहेस, एवढंच मला कळायचं. वळणावर बंद झाला की मी श्वास धरून उभा राहायचो. सगळं लहानपण मी त्या आवाजावर काढलंय. आणि तू त्यात मिक्सरचं इंजिन बसवतेस."

बाहेर पेशंट खोकला. लेकीला वाटलं, आता आई काहीतरी बोलेल. एक शब्द जरी बोलली तरी पुरे होईल.

आईनं घोंगडी ओढून काढली. "मग कानात बोळे घाल," ती म्हणाली. पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता, आणि ते तिलाच सहन झालं नसावं. कारण पुढं तिनं जे केलं ते नुसत्या रागानं होण्यासारखं नव्हतं. तिनं बॉनेट ओढत अंगणात नेलं. व्हॅनमधून लेकीचा ग्राइंडर काढला, व्हरांड्यातल्या प्लगला लावला, आणि बॉनेटवर गुडघा टेकून तिथंच कापायला सुरुवात केली.

ठिणग्या नाहीत, नुसती किंचाळी. अॅल्युमिनियम असंच ओरडतं. थोरला दारात उभा होता. तो पुढं आला नाही.

चकती घसरली. रेघ वाकडी गेली. आणखी थोडी वाकडी. लेक बघत होती. त्या पत्र्यावर कुणीतरी आयुष्यातले कितीतरी दिवस हातोडा चालवला होता, आणि म्हातारी तो पाव कापावा तसा कापत होती.

"वाकडं कापतेस, आई," ती म्हणाली. "दे इकडे."

तिनं ग्राइंडर घेतला आणि उरलेलं सरळ कापलं. मन लावून, कडा न जळू देता. काम संपल्यावर मान वर केली तर दार बंद होतं. आईनं कापलं ते थोरल्यानं पुढंमागं पोटात घातलंही असतं. पण बहिणीनं "दे इकडे" म्हटलं ते त्यानं कधी माफ केलं नाही.

गाडी पुरी झाली. कॉम्प्युटरला नवी किल्ली पटवून दिली, उंचवटा ठोकून बॉनेटवर बसवला, रंग लावला. एका स्वच्छ सकाळी आई तिला घाटात घेऊन गेली, एकटीच. लेक पायथ्याशी व्हॅनमध्ये बसून राहिली. आपण घाबरलोय हे तिला स्वतःशीसुद्धा कबूल करायचं नव्हतं.

आई परत आली तेव्हा केस विस्कटलेले, गाल लाल, डोळ्यांत पाणी. वाऱ्यानंच असणार. तिनं इंजिन बंद केलं.

"कशी आहे?"

"जुनं इंजिन भिकार होतं," आई म्हणाली. "सगळं आयुष्य मी त्याला ढकलत वर नेलं. मला वाटायचं, मीच कमी पडते." मग लेकीकडे न बघता, "हे त्याला सांगायचं नाही. कळलं?"

लेकीनं मान डोलावली.

तिनं सांगितलंही नसतं. पण पुढं क्लबाची सभा झाली. तीत सेक्रेटरीनं उभं राहून जाहीर केलं, की ही गाडी आता क्लबात चालणार नाही, आणि जिनं ती बिघडवली तिच्याकडे कुणी सभासदानं गाडी नेऊ नये. मग त्याच संध्याकाळी त्यानं बहिणीला फोन केला, हे दुसऱ्याकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून. असं तो म्हणाला. बहुधा तिचा आवाज पडलेला ऐकायचा होता त्याला.

"कसाई आहेस तू," तो शेवटी म्हणाला. "आई तुझ्या तोंडावर बोलणार नाही, पण तिलाही तिचं जुनं इंजिनच हवं असणार. मला माहीत आहे."

"तुला काडीचं माहीत नाही," ती म्हणाली. "ती म्हणाली भिकार होतं. जन्मभर ढकललं म्हणाली. ज्या आवाजासाठी तू अजून रडतोस ना, तो नीट न चालणाऱ्या इंजिनाचा होता."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी आई गॅरेजमध्ये आली. बसली नाही. "त्यानं ते इंजिन भंगारवाल्याला दिलं," ती म्हणाली. "काल, तुझा फोन ठेवल्या ठेवल्या. तुला सांगू नको म्हटलं होतं मी. एक गोष्ट. जन्मात एक गोष्ट मी तुझ्यापाशी ठेवायला दिली."

"तो मला कसाई म्हणाला."

"मग? आहेसच. माझ्यावर गेलीस." तिनं किल्ली उचलली, गाडीत बसली आणि निघून गेली.

तेव्हापासून तिघंही एकमेकांशी बोलत नाहीत. क्लबातले काही सभासद मागल्या दारानं लेकीकडे येतात. आपल्याही गाडीत असलंच इंजिन बसेल का, म्हणून दबक्या आवाजात विचारतात. ती त्यांना थांबायला लावते.

रविवारी सकाळी आई गॅरेजवरून जाते. दुसरा रस्ता आहे, बराच जवळचा. तरी याच रस्त्यानं जाते, मान ताठ, नजर समोर. मागच्या रविवारी लेक दारात चहा पीत उभी होती. नाक्यावरच्या चढाला आईनं गाडी दाबली. इंजिनाचा वेग वाढला, पण गाडीचा तेवढा वाढला नाही. जुन्या क्लचला नव्या इंजिनाचा जोर पेलवत नव्हता, त्याची प्लेट घसरायला लागली होती. आणखी महिनाभर जेमतेम चालेल. पुढं गाडी चढावरच थांबेल.

लेकीनं कप विसळला. मग आत जाऊन मजबूत क्लचची ऑर्डर देण्यासाठी फोन लावला.

"कुठल्या गाडीसाठी?" पलीकडून विचारलं.

"आहे एक," ती म्हणाली. "गिऱ्हाईक यायचंय अजून. येईल झक मारत."