एका चादरीएवढी जमीन

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव काही गोड नाही. जन्मभर दगडांशी गाठ पडल्यावर तो गोड राहायचा तरी कसा? सध्या मी टेकडीच्या पायथ्याशी, पाण्याच्या टाकीला लागून उभ्या केलेल्या एका पत्र्याच्या खोलीत असते. माझ्या शेजारी दोन विळे, एक बोथट करवत आणि हातमोज्यांची पिशवी. समोरच्या भिंतीवर एक काळी पाटी. त्या पाटीवर दर रविवारी खडूने शून्य लिहिले जाते. ते शून्य माझ्या हातून झाले आहे. कुदळीला हात नसतात हे मला ठाऊक आहे, पण दुसरा शब्द सुचत नाही.

माझा जन्म एका ट्रकच्या कमानीच्या तुटलेल्या पाट्यातून झाला. लोहार घण मारत होता, त्याची बायको भाता चालवत होती आणि दोघांचे कशावरून तरी जोरात वाजले होते. त्या रागात माझ्यावर दोन घाव जास्तच पडले आणि माझे पाते एका बाजूला किंचित वाकले. त्यामुळे दुकानात मला कोणी घेईना. गिऱ्हाईक हातात घेई, एक डोळा मिटून बघे आणि परत ठेवून देई. बाजूच्या सरळ कुदळी एकेक करून गेल्या आणि मी धूळ खात पडले.

शेवटी मला सिस्टरनी घेतले. सिस्टर म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्यांचे खरे नाव टेकडीवर कोणी कधी घेतले नाही. त्यांनी माझ्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "वाकडी आहे ना? मग मुळाखाली बरोबर जाईल."

कोणाच्या मुळाखाली, ते सांगते. आमच्या टेकडीवर एक झुडपी रान आहे. चहूबाजूंनी घरे झाली तरी ते तेवढे उरले. पण पूर्वी कोणीतरी बागेच्या कुंपणाला शोभा म्हणून घाणेरी लावली होती. रंगीत फुलांची, काटेरी, पाने चुरली तर उग्र वासाची घाणेरी. ती कुंपण सोडून टेकडीवर चढली आणि बघता बघता तिने रानाचा श्वास कोंडला. ती उपटायला दर रविवारी सकाळी सात-आठ माणसे जमू लागली. कोणी सांगितले नव्हते, कोणी पगार देत नव्हते. घरी चार कामे पडलेली असताना ही माणसे इथे येऊन काटे टोचून घेत.

सिस्टरची कामाची एक रीत होती. त्या दवाखान्यातून बाद झालेली एक पांढरी चादर आणत. जिथे रान अजून चांगले आहे, त्या बाजूने घाणेरीच्या कडेला ती अंथरत. तिच्या चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकत आणि चादर घडी करून ठेवत. त्या दिवशी तेवढीच जागा साफ करायची. मुळासकट, पण आजूबाजूच्या एकाही रोपाला धक्का न लावता. आणि त्या जागेत रानाची स्वतःची रोपे उगवून आल्याशिवाय तिच्या पुढे पाऊल टाकायचे नाही. तोवर दुसऱ्या टोकाला जायचे.

या रितीचा सगळ्यात जास्त कंटाळा ड्रायव्हरकाकांना येई. ते शहराच्या बसवर चालक होते. माझ्या दांड्यावर आज जी बोटांची झीज दिसते ती त्यांचीच. माझ्या वाकडेपणाचे सोने कोणी केले असेल तर त्यांनी. एका घावात ते मला मुळाच्या गड्ड्याखाली घालत, दांड्यावर जोर देत आणि अख्खे झुडूप उताणे पाडत. मला त्यांचा अभिमान वाटे आणि त्यांना माझा.

"सिस्टर, या वेगानं टेकडी मोकळी व्हायची तर माझा नातू रिटायर होईल," ते म्हणत.

"मग नातवालाही घेऊन या," सिस्टर म्हणत. "आजची चादर झाली. हात धुवा."

तिसरे होते घड्याळजी. बाजारात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे टीचभर दुकान होते. त्यांना जड काम झेपत नसे, पण कान असे की भिंतीपलीकडचे घड्याळ दोन सेकंद मागे आहे हे त्यांना कळावे. टेकडीच्या खालच्या बाजूला एक खोलगट जागा होती आणि तिथे घाणेरीची सगळ्यात दाट जाळी होती. त्या जाळीत अंगठ्याएवढे तपकिरी पक्षी राहत. त्यांचा आवाज टिकटिक असा येई, म्हणून घड्याळजींनी त्यांना टिकटिके म्हणायला सुरुवात केली. एका जागी बसून, डोळे मिटून ते आवाज मोजत आणि खोलीत येऊन पाटीवर आकडा लिहीत. सात. पुढच्या रविवारी पुन्हा सात. साऱ्या टेकडीवर तेवढेच उरले होते.

सिस्टर आणि घड्याळजी खोलीत चहा पिता पिता बोलत ते मी कोपऱ्यातून ऐकत असे. मूळची काटेरी झुडपे घाणेरीने कधीच मारली होती. आता त्या पक्ष्यांना लपायला, घरटे करायला तीच घाणेरी उरली होती. सिस्टरनी जाळीच्या बाजूला मूळची झुडपे वाढवायला घेतली होती. ती गुडघ्याएवढी झाली होती. कमरेएवढी व्हायला अजून दोन वर्षे हवी होती. पक्षी तिकडे राहायला गेले की मगच जाळीला हात लावायचा. हे दोघांना माहीत होते आणि मला माहीत होते. बाकी कोणाला सिस्टरनी सांगितलेच नव्हते. त्या फक्त म्हणत, "खाली जायचं नाही." त्यांचा शब्द कोणी मोडत नसे, म्हणून कारण विचारायचेही कोणाच्या मनात आले नाही.

मग सिस्टरचा गुडघा गेला. चालताना तो लटपटू लागला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तीन आठवडे त्या येणार नव्हत्या.

एका शनिवारी ड्रायव्हरकाकांनी मला घरी नेले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून ते मला कानशीने घासू लागले. लोखंडाचा कीस खाली पडलेल्या एका टॉवेलवर उडाला तशा काकू बाहेर आल्या.

"अहो, हे काय चाललंय? पुसायचा टॉवेल आहे तो!"

"उद्या मोठं काम आहे," काका खुशीत म्हणाले. "डेपोतले चाळीस जण येतायत. सिस्टर खाली जाऊ देत नाहीत ते माणसं अपुरी म्हणून. आता ती खालची सगळी जाळी एका दिवसात साफ. सिस्टर परत येतील तेव्हा टेकडी मोकळी! बाईंनी वर्षानुवर्षं कंबर मोडून घेतली, एकदा तरी त्यांना बरं वाटू दे."

"त्यांना विचारलंत का?"

"विचारलं तर गंमत काय राहिली?"

काकूंनी टॉवेल झटकला आणि त्या आत गेल्या. त्यांचा प्रश्न तिथेच गॅलरीत राहिला. मी तो ऐकला होता, पण मला ताजी धार लागली होती. तुम्हाला खोटे कशाला सांगू, मी हुरळून गेले होते.

सिस्टरना काही कळू नये म्हणून काकांनी घड्याळजींनाही गोड बोलून लांब ठेवले. "उद्या तुम्ही दवाखान्यात जाऊन बसा, त्यांना तेवढीच सोबत," असे त्यांना सांगितले. म्हणजे ज्या दोघांना ठाऊक होते ते दोघेही त्या सकाळी दवाखान्यात, एक पलंगावर आणि एक स्टुलावर.

त्या रविवारी मी जेवढी राबले तेवढी कधीच राबले नव्हते. चाळीस माणसे, आरडाओरडा, हशा. झुडपामागून झुडूप उताणे पडत होते. एका बुंध्याखाली मी घुसले तेव्हा वरच्या फांद्यांत टिकटिक एकसारखी चालली होती. मला ती ऐकू येत होती. मला थांबता आले नसते हे खरे. पण थांबावेसेही वाटले नाही, हेही खरे. लोक म्हणत होते, "काय कुदळ आहे!" आणि मला तेच ऐकायचे होते.

एकाला फांद्यांत गवताचे वाटीएवढे घरटे सापडले. आत तीन अंडी होती. ड्रायव्हरकाका मनाने वाईट नव्हते हो. त्यांनी मला बाजूला ठेवले, ते घरटे ओंजळीत धरले आणि लांबच्या एका झाडाच्या बेचक्यात जपून बसवले. "आई येईल शोधत," ते म्हणाले आणि पुन्हा मला उचलले.

दुपारपर्यंत जाळी संपली. सिस्टरची पांढरी चादर काठीला बांधून त्यांनी मधोमध रोवली. त्यावर लाल रंगाने लिहिले, 'सिस्टर, टेकडी मोकळी!' मग मला पुढे उभे करून सगळ्यांनी फोटो काढला. माझ्या आयुष्यात एवढे कौतुक त्या एकाच दिवशी झाले.

पंधरा दिवसांनी सिस्टर काठी टेकत आल्या, आणि मधला रविवारही त्यांच्या सोबतीला दवाखान्यातच काढलेले घड्याळजी त्यांच्याबरोबर. ड्रायव्हरकाका खोलीच्या दारातच उभे होते, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मला खांद्यावर घेऊन. सिस्टर चादरीपाशी थांबल्या आणि उघड्या, उन्हाने भाजलेल्या मातीकडे बघत राहिल्या. घड्याळजींनी डोळे मिटले. एकही टिकटिक आली नाही.

"लपून बसले असतील कुठेतरी," ते म्हणाले.

"लपायला जागा कुठे आहे?" सिस्टर म्हणाल्या.

"कोण लपलंय?" ड्रायव्हरकाकांनी विचारले. आणि मग घड्याळजींनी त्यांना सगळे सांगितले. पक्षी, ती झुडपे, ती दोन वर्षे. काकांचा चेहरा मला अजून दिसतो. ते त्या बेचक्याकडे जवळजवळ धावत गेले. घरटे तिथेच होते. अंडीही तिथेच होती, थंडगार. आई आलीच नव्हती.

"मला कोणी का नाही सांगितलं?" ते ओरडले. "पाटीवर हे दर रविवारी काहीतरी लिहायचे, मला वाटलं यांचा छंद असेल. एक शब्द सांगितला असता तर मी या जाळीला कुदळ लावली असती का?"

सिस्टर खाली दगडावर बसल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी लोकांना 'हात पुढे करा' म्हणत आले. कशासाठी ते सांगायची सवयच लागली नाही."

 काकांनी मला खोलीत आणले, कोपऱ्यात टेकवले आणि ते गेले. त्या दिवशी पाटीवर पहिले शून्य आले.

पुढे दोन उन्हाळे माझ्याकडे कोणी पाहिले नाही. पात्यावर गंज चढला, दांडा सुकला, पाचर सुटून पडली आणि मी हाताला लटपटू लागले. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरीची हजारो रोपे डोक्यावरच्या केसांसारखी दाट उगवली. सिस्टरनी वाढवलेली झुडपेही त्या गर्दीत तुडवली गेली होती. जी चार-दोन उरली ती उन्हाने करपली. येणारी माणसे एकेक करून गळली. सिस्टर मात्र एक छोटे स्टूल घेऊन येत आणि बसल्या बसल्या रोपे हाताने उपटत. मातीत इतकी मुळे असताना त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही. त्याचे मला फार लागले. पण तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

गेल्या महिन्यात एका सकाळी खोलीचे दार उघडले आणि मला ती पकड लगेच ओळखू आली. ड्रायव्हरकाका आता थोडे वाकले आहेत. त्यांनी माझा गंज खरवडला, नवी पाचर ठोकली आणि मला घेऊन ते सिस्टरच्या स्टुलासमोर उभे राहिले. दुसऱ्या हातात घरची फुलाफुलांची चादर होती.

"घरी हिला कळलं तर माझं काही खरं नाही," ते म्हणाले. "पण तुमची मी रंगवून ठेवली."

सिस्टरनी चादरीकडे पाहिले. मग बाजूच्या जमिनीवर काठीने हळूच टकटक केले. काकांनी चादर अंथरली आणि चार खुंट्या ठोकल्या.

"एवढंच?"

"एवढंच. आणि का, ते मी आज सांगणार आहे. कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे."

त्या सांगत होत्या आणि काका ऐकत होते. सगळे ऐकून झाल्यावरच त्यांनी मला उचलले. आम्ही तेवढीच जमीन साफ केली, मुळाशेजारच्या दोन कोवळ्या रोपांना वळसा घालून.

घड्याळजी अजूनही दर रविवारी खोलगटात जाऊन बसतात. परवा ते खोलीत आले, खडू उचलला आणि पाटीसमोर नुसतेच उभे राहिले. ड्रायव्हरकाका दारात थबकले.

"ऐकू आला का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारले.

"आल्यासारखा वाटला," घड्याळजी म्हणाले. "पण वाटलं म्हणून मी लिहीत नाही." आणि त्यांनी शून्य लिहिले.

मित्रांनो, ते शून्य रोज माझ्यासमोर असते. तुम्हीही कधीतरी एखादे रान, एखादे तळे, एखादा ओढा साफ करायला जाल. जरूर जा. आम्हा अवजारांना धार लावा, काम झाल्यावर माती पुसून ठेवा. पण आम्हाला उचलण्याआधी तिथे कोण राहते ते एकदा विचारा. आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगून टाका. मला खोदता येते, विचारता येत नाही. त्या दिवशी माझ्या पात्याच्या वर टिकटिक चालू होती, आणि त्या टेकडीवरच्या चाळीस माणसांत मान वर करून बघणारे कोणी नव्हते.