बिनसाखरेचा कप

श्रीपतीच्या छातीत पहिली कळ आली ती दूध संघाच्या जीपमध्ये, आणि गड्याला वाटलं, सकाळच्या ठेच्याची जळजळ असेल. कसला ठेचा! सोलापूरच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम बघितला, रक्त बघितलं आणि विचारलं, दिवसातून चहा किती होतो? श्रीपती नुसता हसला. संघाचा सुपरवायझर तो. गावोगाव डेअरी, आणि प्रत्येक गावात चेअरमनच्या ओसरीवर चहा. मोजणार कोण?

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. शरीराजवळ दोन बैल असतात. एक आत्ता खाल्लेल्यावर चालतो, दुसरा अंगात साठलेल्या चरबीवर. बहात्तरच्या दुष्काळात अर्ध्या भाकरीवर दिवसभर खडी फोडलीत ना, तेव्हा त्या दुसऱ्यानंच ओढलं. आता तासातासाला साखर पडते, त्याला कुणी जुंपतच नाही. त्याची चाल मोडली. साखर रक्तात साचतेय, हृदयाच्या नळ्या अरुंद होत चालल्यात. पायी चला, दोन जेवणांत अंतर ठेवा, मध्ये गोड काही नको.

"पुढची कळ आली तर माझ्या हातात काही राहणार नाही," डॉक्टर म्हणाले.

ऐकायला लई सोपं. पण श्रीपती बौद्ध वस्तीतला. त्याच्या बापाला चहा मिळायचा तो गोठ्याच्या भिंतीवर ठेवलेल्या फुटक्या कपात, वरून ओतून. श्रीपती चेअरमन आण्णासाहेबांच्या ओसरीवर पहिल्यांदा सगळ्यांबरोबर, घरातल्याच कपानं चहा प्याला, त्या दिवशी घरी येऊन रडला होता. मग त्याच्या मागोमाग वस्तीतले दूध घालणारेही त्या ओसरीवर टेकायला लागले. असला चहा नको कसा म्हणायचा?

तरी बायकोनं, चांगुणानं, गळ्याची शपथ घातली तेव्हा त्यानं धीर केला. साखर बंद केलीय म्हणून गावोगाव सांगितलं, आण्णासाहेबांनाही. आण्णासाहेब माणूस मोकळा, त्यांनी लगेच आत हाक मारली. आता त्या घरात दूध, पत्ती, साखर सगळं एकदम उकळायचं. बिनसाखरेचा करायचा तर पातेलं वेगळंच लागणार. सिताबाईंनी, आण्णासाहेबांच्या मालकिणीनं, लहान पातेलं काढलं, अदलाबदल नको म्हणून कपही वेगळा केला. बाईच्या मनात काही पाप न्हवतं. काळजीनंच केलं तिनं.

दिवाळीपर्यंत श्रीपतीचं पोट उतरलं, चढावर दम लागेना. चांगुणा खूश. फक्त तो कप आता आत जाईना. धुऊन ओसरीच्या कोनाड्यात उपडा असायचा. श्रीपती मनाला समजावायचा, अरे, सोय असेल त्यांची, तू उगीच लावून घेतोस.

मग एकदा दुधाला फॅट कमी लागतंय म्हणून तक्रार घेऊन वस्तीतला व्यंकट ओसरीवर आला. चहा घेऊन आली ती आण्णासाहेबांची नवी सून, महिन्याभरापूर्वी घरात आलेली. तिनं सगळ्यांना कप दिले. व्यंकटपाशी थांबली, कोनाड्यातला कप काढला आणि किटलीतला गोड चहा त्यात वरून ओतला. व्यंकटला कुठली आलीय शुगर?

"तुमच्यातल्यांचा कप ह्योच ना?" तिनं साधेपणानं श्रीपतीला विचारलं.

आण्णासाहेबांनी मान खाली घातली. व्यंकटनं कप घेतला. रोज साहेबच त्यातून पितात म्हटल्यावर तो कसा नाकारणार? श्रीपतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाचा कप त्यानं स्वतःच्या हातानं, तब्येतीच्या नावाखाली, परत या घरात आणून ठेवला होता.

त्यानं व्यंकटच्या हातातला कप काढून खाली ठेवला.

"सूनबाई, माझी साखर उतरली. आतले दोन कप आणा. आमाला दोघांना सगळ्यांतलाच द्या."

व्यंकटनं हळूच विचारलं, पण साहेब, तुमची छाती? श्रीपती म्हणाला, गप पी. चहा गोड लागला, आणि गोड लागला याचाच त्याला संताप आला. तळाची साखरही त्यानं सोडली न्हाय.

जीपमध्ये बसल्यावर चांगुणाला काय सांगायचं ते सुचेना. पुढच्या गावी पोचला तर तिथंही चुलीवर त्याच्यासाठी वेगळं पातेलं चढलं होतं. श्रीपतीनं ते उतरवायला लावलं.